बुडवलेली मजुरी बोलते

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आजचा विषय फळ्यावर वाचून दारातच एकानं मला विचारलं, काय रे, बाप्तिस्मा घेतलास काय? नाही घेतला. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जो रस्ता दाखवला त्यावर माझा आजा चालला, मीही चालतो. पण लक्षात ठेवा, येवल्याची घोषणा १९३५ ची आणि दीक्षा १९५६ ची. मधली एकवीस वर्षं त्या माणसानं जगातले धर्म तपासून पाहिले. आणि आपण? न वाचता शिवी द्यायला तयार, न वाचता डोक्यावर घ्यायलाही तयार. म्हणून आज मी नव्या करारातलं एक पत्र घेऊन आलोय. याकोबाचं पत्र. पाच छोटे अध्याय, १०८ वचनं. गोदीत जेवणाच्या सुट्टीत वाचून संपतं. मी तसंच वाचलं.

कसं वाचलं तेही सांगतो. आमच्या टोळीत एक ख्रिस्ती गडी आहे. तीन आठवडे झाले होते, पगार नव्हता. मुकादमाला विचारलं की तो म्हणायचा उद्या. कंत्राटदाराला विचारायला जावं तर कंत्राटदाराचं तोंड आम्ही कधी पाहिलेलं नाही. त्या दुपारी या गड्यानं डब्याच्या पिशवीतून पुस्तक काढलं, पाचवा अध्याय उघडला आणि माझ्यापुढं धरला. तिथं लिहिलं होतं की शेतात कापणी केलेल्या मजुरांची मजुरी मालकांनी अडकवून ठेवलीय आणि ती मजुरी स्वतःच आरडाओरडा करतेय. मी मॅट्रिक झालेला माणूस, कविता लिहितो, प्रतिमा म्हणजे काय ते थोडंफार कळतं. पण पैसा ओरडतो, मालकाच्या पेटीत बसून मालकाविरुद्ध ओरडतो, ही प्रतिमा मला सुचली नव्हती. तीन आठवडे उपाशी राहूनसुद्धा सुचली नव्हती.

आता हा याकोब कोण? परंपरा म्हणते, येशूचा भाऊ, यरुशलेमच्या पहिल्या मंडळीचा पुढारी. अभ्यासकांत यावर वाद आहे. पत्राची ग्रीक भाषा चांगली घडवलेली आहे, गालीलच्या कष्टकऱ्याच्या पोराला ती कुठून आली, असं काहीजण विचारतात. हा प्रश्न आपल्यालाही नेहमी विचारला जातो. झोपडपट्टीतल्या पोराला ही भाषा कुठून आली? तर तो वाद विद्वानांकडे राहू द्या. याकोबाच्या मरणाबद्दल मात्र जोसेफस नावाच्या ज्यू इतिहासकारानं लिहून ठेवलंय. इसवी सन ६२ मध्ये एक रोमन सुभेदार मेला होता आणि दुसरा अजून पोचला नव्हता. ती संधी साधून महायाजक अनानसनं याकोबाला दगडांनी मारवलं. महायाजक म्हणजे देवळाचा सर्वात मोठा पुरोहित. पुरोहितशाही तिथलीही आपली ओळखीचीच निघाली.

तो काळ कसा होता? तोच जोसेफस सांगतो की महायाजकांचे नोकर खळ्यावर जाऊन धान्याचा दशमांश जबरदस्तीनं उचलून न्यायचे, आणि खालचे गरीब याजक उपाशी मरायचे. पुढं यरुशलेमच्या मोठ्या देवळाचं बांधकाम संपलं, तेव्हा अठरा हजारांवर कामगार बेकार झाले असा आकडा तो देतो. मग शहराचे रस्ते पांढऱ्या दगडांनी बांधायचं काम काढलं. देवळाच्या खजिन्यातून पैसा द्यायचा, आणि एक तास जरी काम केलं तरी मजुरी लगेच हातावर, असा तिथला रिवाज होता म्हणतो. दोन्ही गोष्टी एकाच शहरातल्या, एकाच पिढीतल्या. म्हणजे मजुरी लगेच देता येत होती. ज्यांनी अडकवली त्यांनी जाणूनबुजून अडकवली.

तर ओरडणाऱ्या मजुरीची ही प्रतिमा कुठून आली? याकोबानं ती हवेतून काढलेली नाही. ज्यूंच्या जुन्या कायद्यात, अनुवाद नावाच्या पुस्तकात, नियम आहे की रोजंदारीवाल्याची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर टांगलेला आहे. त्याहून जुनी एक गोष्ट आहे. काईनानं आपला भाऊ हाबेल याला मारलं, आणि हाबेलाचं रक्त जमिनीतून देवाकडे ओरडायला लागलं. याकोबानं या दोन्हीची गाठ घातली. तिथं रक्त ओरडलं, इथं मजुरी ओरडते. म्हणजे बुडवलेली मजुरी हे रक्तच आहे, आणि मजुरी बुडवणारा हा काईन आहे. मित्रांनो, ही प्रतिमा सजावटीसाठी नाही. हा आरोपपत्राचा कागद आहे.

आणि साक्षीदार कोण? गंज. श्रीमंतांना तो म्हणतो, तुमचं धान्य सडलं, तुमच्या कपड्यांना कसर लागली, तुमच्या सोन्यारुप्याला गंज चढला, आणि तो गंज तुमच्याविरुद्ध साक्ष देऊन तुमचं मांस आगीसारखं खाणार. आता सोन्याला गंज चढत नाही हे काय त्याला माहीत नव्हतं? माहीत होतं. पण जे सोनं कुणाच्या भाकरीच्या उपयोगी पडलं नाही त्याला तो गंजकंच धरतो. वखारीत माल सडतो आणि वखारीबाहेर माणूस उपाशी मरतो, हे आम्ही रोज बघतो. गोणी फुटून धान्य सांडलं तर ते पायाखाली गेलं तरी चालतं, खिशात जाता कामा नये. तो साठवलेल्या मालालाच साक्षीला उभं करतो.

या पत्रातल्या बहुतेक प्रतिमा अशा कामाच्या, वापराच्या, डोळ्यांसमोरच्या आहेत. घोड्याच्या तोंडातला लगाम. आरसा. झरा. अंजिराचं झाड. रानातलं फूल आणि ते करपवणारं ऊन. आणि जहाजाचं सुकाणू. ते आमच्या धंद्यातलं म्हणून थांबतो. याकोब म्हणतो, एवढं मोठं जहाज, वारा एवढा जोराचा, पण लहानशा सुकाणूनं सुकाणूवाला ते पाहिजे तिकडे वळवतो. त्या काळी सुकाणू म्हणजे जहाजाच्या मागच्या अंगाला बांधलेली मोठी वल्ही. जीभ तशीच, तो म्हणतो. लहान, पण सगळं शरीर फिरवते. आणि लगेच दुसरी प्रतिमा, एक ठिणगी आख्खं रान पेटवते.

आपण कवी, आपण भाषणवाले. जीभ हे आपलं हत्यार. त्यामुळे हे वाचून छाती फुगते. थांबा, फुगवू नका. पुढं तो विचारतो, एकाच झऱ्यातून गोडं आणि मचूळ पाणी निघतं काय? ज्या तोंडानं देवाची स्तुती करता त्याच तोंडानं देवासारख्याच घडवलेल्या माणसाला शिव्या देता? देव बाजूला ठेवू. आपल्यापुरतं बघू. स्टेजवर ज्या तोंडानं जयभीम, त्याच तोंडानं घरी बायकोला आईबहिणीवरून शिव्या. मोर्च्यात समता, चाळीत हात उचलायचा. इथं बसलेल्या बहिणींना विचारा, या झऱ्याचं पाणी कसं लागतं.

आता दुसरा अध्याय. हा तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. सभा भरलीय. एक माणूस येतो, बोटात सोन्याची अंगठी, अंगावर झकपक कपडे. दुसरा येतो, मळक्या फाटक्या कपड्यांचा. पहिल्याला म्हणतात, या साहेब, इथं बसा. दुसऱ्याला म्हणतात, तू तिथं उभा रहा, नाहीतर इथं खाली पायाशी बस. याकोब चिडून म्हणतो, तुम्ही कसले न्यायाधीश झालात? जे श्रीमंत तुम्हाला कोर्टात खेचतात त्यांनाच तुम्ही खुर्ची देता?

लक्ष द्या, प्रश्न बसायच्या जागेचा आहे. विषमता ही काही मोठमोठ्या शब्दांत राहत नाही. कोण खुर्चीवर आणि कोण जमिनीवर, यात ती राहते. हे पत्र ज्या धर्माच्या ग्रंथात आहे त्या धर्मानं आपल्या देशात काय केलं? कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना १८३३ साली दक्षिणेतल्या चर्चमधला जातिभेद बंद करण्याचा हुकूम काढावा लागला, आणि हुकूम आल्यावर कितीतरी वरच्या जातींचे ख्रिस्ती चर्च सोडून गेले. जात सोडली नाही, चर्च सोडलं. तामिळनाडूत वडक्कनकुलमच्या चर्चमध्ये जातींनी वेगळं बसावं म्हणून मधे भिंत घातली होती. भिंतीच्या दोन्ही बाजूंना हेच पत्र होतं. सरकारचंही तेच. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात १९५६ मध्ये शीख दलित आले, १९९० मध्ये आपण बौद्ध आलो, आणि दलित ख्रिस्ती बाहेर उभे राहिले. आमच्या टोळीतला तो गडी चर्चमध्येही खाली आणि सरकारदरबारीही दाराबाहेर. गोणी मात्र आम्ही दोघं एकाच वजनाची उचलतो.

आणि आपण? मागच्या जयंतीला पहिल्या रांगेत सोफा कुणासाठी टाकला होता? नगरसेवकासाठी. ज्यानं आपली वस्ती तुटत असताना फोन उचलला नाही त्याच्यासाठी. आणि रात्रभर मंडप बांधणारी पोरं कुठं होती? मागं उभी. भिंत त्यांनी एकट्यांनीच घातली नाही.

यानंतर पत्रातला सर्वात गाजलेला मुद्दा येतो. श्रद्धा आणि कृती. तो उदाहरण देतो. एखाद्या भावाला किंवा बहिणीला अंगावर वस्त्र नाही, आजच्या दिवसाची भाकर नाही, आणि तुम्ही त्याला तोंडभर शुभेच्छा देऊन, गरम रहा, पोटभर जेव म्हणून वाटेला लावता, देत काहीच नाही. काय उपयोग? श्वास गेलेलं शरीर जसं प्रेत, तशी कृती नसलेली श्रद्धा हेही प्रेतच.

यावरून मोठं भांडण झालं. पौल त्याच्या पत्रांत सांगतो की माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नाही, श्रद्धेनं नीतिमान ठरतो. याकोब म्हणतो, नुसत्या श्रद्धेनं नाही. जर्मनीत मार्टिन ल्यूथरनं १५२२ साली नव्या कराराचं भाषांतर छापलं, तेव्हा प्रस्तावनेत या पत्राला गवताकाडीचं ठरवलं. माझ्या अल्पबुद्धीला असं दिसतं की पौल आणि याकोब वेगवेगळ्या कर्मांबद्दल बोलताहेत. पौलापुढं प्रश्न होता की परक्या जमातीच्या माणसानं ज्यूंची सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम पाळल्याशिवाय मंडळीत यावं की नाही. याकोबापुढं उघडा आणि उपाशी माणूस उभा आहे. एकाचं भांडण कर्मकांडाशी, दुसऱ्याचं तोंडपाटिलकीशी. दोघांना एकमेकांवर सोडून मधल्यामधे उपाशी माणसाला विसरायचं, हे पंडितांचं काम. आणि कृतीचा दाखला म्हणून याकोब दोन नावं घेतो. एक अब्राहाम, सगळ्या ज्यूंचा मूळपुरुष. दुसरी राहाब, यरीहो शहरातली वेश्या, जिनं परक्या हेरांचा जीव वाचवला. कुळाचा बाप आणि वेश्या एका ओळीत. मापायची काठी एकच, हातानं काय केलं.

इथं मला माझीच गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे भाषण म्हणजे नुसती जीभ होईल. टोळीतल्या एकाचं बोट विंचच्या दोरखंडात चेंगरलं होतं. संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला. पैसे मागितले नाहीत, नुसता बसला. मला कळलं होतं. खिशात दोनशे रुपये होते. पण मला कविसंमेलनाला जायचं होतं. मी म्हणालो, काळजी घे, सगळं ठीक होईल, आणि निघालो. त्या रात्री मी कामगारांच्या हातांवर कविता वाचली. टाळ्या पडल्या. नंतर कधीतरी दुसऱ्या अध्यायातलं ते उदाहरण वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. याकोब आरशाबद्दल म्हणतो की माणूस त्यात तोंड बघतो, बाजूला होतो आणि आपण कसे दिसतो ते विसरतो. त्या काळी आरसा काचेचा नव्हता, घासलेल्या धातूचा असायचा. घासत राहिलं नाही तर काळा पडायचा. मी तो आरसा किती दिवस घासला नव्हता ते मला त्या दिवशी कळलं.

आता एक अवघड गोष्ट, नाहीतर तुम्ही म्हणाल याला ख्रिस्ती पत्राची भूल पडली. मजुरीचं एवढं बोलून झाल्यावर लगेच याकोब मजुरांना काय सांगतो? धीर धरा. शेतकरी बघा कसा पहिल्या पावसाची आणि शेवटच्या पावसाची वाट बघतो. त्या मुलखात पहिला पाऊस पेरणीच्या वेळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि शेवटचा कापणीच्या आधी, मार्च-एप्रिलात. तशी तुम्ही प्रभूच्या येण्याची वाट बघा. आलं ना अफूचं बोट चाटवायला? मीही आधी असंच म्हणालो.

मग थोडा शोध घेतला. पत्रात धीरासाठी दोन ग्रीक शब्द आहेत. एक मॅक्रोथुमिया, म्हणजे राग लांबवणं, दमानं घेणं. दुसरा हुपोमोने. हुपो म्हणजे खाली, मोने म्हणजे राहणं. ओझ्याखाली टिकून राहणं. हा शब्द हमालाला समजावून सांगावा लागत नाही. ओझ्याखाली माणूस दोन तऱ्हांनी राहतो. एक, गुडघे मोडून. दुसरा, पाय रोवून. एल्सा तामेझ नावाच्या मेक्सिकोत जन्मलेल्या अभ्यासक बाईंनी १९८० नंतरच्या दशकात लॅटिन अमेरिकेतल्या गरिबांच्या बाजूनं हे पत्र वाचलं, तेव्हा त्यांनी या धीराला लढाऊ धीर म्हटलं. शेतकरी वाट बघतो म्हणजे हातावर हात धरून बसत नाही. नांगरतो, पेरतो, राखण करतो.

हे मला पटतं. पण सगळं पटत नाही, तेही स्वच्छ सांगतो. याकोब हिशोब शेवटी सैन्यांच्या देवाकडे नेतो. मालकापाशी कोर्ट आहे, शिपाई आहे, तर मजुराचा आवाज सगळ्या सैन्यांच्या सेनापतीच्या कानावर गेलाय, असा त्याचा अर्थ. त्या मजुराला यानं किती बळ आलं असेल मी समजू शकतो. पण आमच्या धम्मात असा वर बसलेला हिशोबनीस नाही. तथागतानं आपला दिवा आपणच व्हायला सांगितलं. बुडवलेली मजुरी ओरडते हे खरं, पण तो आवाज ऐकणारे कान आपल्यालाच लावावे लागतील. आणि कापणी करणाऱ्यांनी एकत्र यावं, एकमेकांचं नाव लिहून घ्यावं, असं त्या पत्रात कुठं नाही.

इतिहास पुढं काय म्हणतो? याकोबाला मारल्यावर चारच वर्षांनी, ६६ साली, यरुशलेममध्ये बंड झालं. बंडवाल्यांनी पहिल्या पहिल्या कामात एक काम केलं, जिथं सावकारांचे कर्जरोखे ठेवले होते ते दफ्तर जाळलं. म्हणजे लोकांचा धीर संपला होता, आणि कशाला आग लावायची ते त्यांना नेमकं माहीत होतं. पण बंडवाले आपसात फुटले, गटागटांत लढले, आणि ७० साली रोमन सैन्यानं शहर आणि देऊळ दोन्ही जमीनदोस्त केलं. ठिणगी होती, सुकाणू नव्हतं. फाटाफुटीचा इतिहास आपल्या चळवळीला मी वेगळा सांगायला नको.

आमच्या त्या तीन आठवड्यांचं काय झालं ते सांगून थांबतो. पत्र वाचून पगार मिळाला नाही. त्या गड्यानं पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर टोळीतल्या नऊ जणांची नावं लिहिली, नावापुढं किती पाळ्या भरल्या ते लिहिलं, आणि प्रत्येकाची सही घेतली, ज्याला येत नाही त्याचा अंगठा. दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर आम्ही नऊच्या नऊ धक्क्यावर खाली बसलो. हूक पुढ्यात ठेवले. कुणी घोषणा दिली नाही. दुपारपर्यंत दोन आठवड्यांचे पैसे आले. तिसरा आठवडा अजून ओरडतोय.

म्हणून आज मी टाळ्या मागत नाही. ही वही आणलीय. ती फिरवा. ज्याची मजुरी कुठं अडकलीय त्यानं नाव, कामाची जागा आणि दिवस लिहावेत. घरकामाच्या बायांचे लिहा, नाक्यावरच्या बिगाऱ्यांचे लिहा, गटारात उतरणाऱ्यांचे आधी लिहा. ज्याला लिहिता येत नाही त्याचं शेजाऱ्यानं लिहावं. पुढच्या रविवारी आपण फक्त ही वही वाचू, आणि कोण कुणाबरोबर कुठं जाऊन बसणार ते ठरवू. त्या दिवशी कविता नको.

आणि हो, त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या तर आपण सगळेच खाली बसू.

जयभीम.